‘कॅन्सर आढळला नाही’, मग आहे तरी काय?

वाचकाचे पत्र

माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. सिंधुदुर्गात आमची थोडी शेती आणि काजूची बाग आहे. त्यांना आठ वर्षांपासून मधुमेह आहे. गेले दोन महिने पोटात उजवीकडे खाली दुखते, मधूनमधून बारीक ताप येतो, भूक गेली आहे आणि वजन सहा किलोंनी उतरले आहे. हिमोग्लोबिन ९.४ आहे. सिटी स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पाच सेंटिमीटरची गाठ दिसली आणि ‘कॅन्सरची दाट शंका’ असा शेरा आला. कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करून चार तुकडे घेतले. त्यांच्या अहवालात मात्र ‘जखमेवरील मृत थर, ग्रॅन्युलेशन टिश्यू, मिश्र स्वरूपाचा दाह, कॅन्सर आढळला नाही, क्लिनिकली कोरिलेट करावे’ असे लिहिले आहे. रक्तातील सीईए (कॅन्सरमध्ये वाढू शकणारे प्रथिन) नॉर्मल आहे. सर्जन म्हणतात, उजव्या बाजूचे आतडे काढावे लागेल. त्यांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिली आहे. दुसऱ्या डॉक्टरांना हा क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचा आजार, वाटतो. त्यांनी स्टेरॉइड लिहून दिले आहे, पण ते आम्ही अजून सुरू केलेले नाही. मामा म्हणतात, टीबीच्या गोळ्या सुरू करा. आई म्हणते, कॅन्सर नाही असे आले आहे ना, मग घरी चला. पेट स्कॅन करून घ्यावा का? आम्ही कोणाचे ऐकावे?

ता. क. गणपतीनंतर बाबांना आव पडली होती. मेडिकलमधून गोळ्या आणून तीन दिवस घेतल्या, मग थांबली.

उत्तर

सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातली सर्वांत उपयोगी ओळ तुम्ही ताजा कलम म्हणून शेवटी लिहिली आहे. दोन्ही डॉक्टरांना ती सांगितली होती का, हे पत्रावरून कळत नाही. बहुधा सांगायची राहून गेली असावी, कारण आव पडणे ही आपल्याकडे आजारात मोजण्याची गोष्टच नव्हे. तिच्याकडे मी वळणारच आहे, पण त्याआधी हातातला अहवाल नीट वाचू या, कारण तुमच्या घरातला सगळा गोंधळ त्या एका कागदावरून उठला आहे.

कोलोनोस्कोपीच्या चिमट्याने निघणारा तुकडा साधारण बाजरीच्या दाण्याएवढा असतो. तुमच्या वडिलांच्या पाच सेंटिमीटरच्या गाठीतून असे चार दाणे काढले गेले आणि अहवालातल्या शब्दांवरून पाहता ते वरच्या थरातून आले: मृत थर, म्हणजे जखमेवर साचलेला पांढरट-पिवळा लेप, आणि ग्रॅन्युलेशन टिश्यू, म्हणजे कोणतीही जखम भरू लागली की तळाशी उगवते ते लालसर, सहज रक्ताळणारे मांस. कॅन्सरच्या गाठीवर व्रण झाला तरी वर हेच दोन थर सापडतात आणि अमिबाच्या व टीबीच्या गाठीवरही हेच सापडतात. म्हणून ‘कॅन्सर आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ ‘या चार तुकड्यांत आढळला नाही’ एवढाच घ्यायचा. पॅथॉलॉजिस्टने त्यात काही चूक केलेली नाही. जे समोर आले ते त्याने प्रामाणिकपणे लिहिले. ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ या शब्दांवर आम्ही सर्जन मंडळी पूर्वी वैतागत असू. पुढे उमगले की, मला रुग्णाविषयी काहीच कळवलेले नाही, तेव्हा लक्षणांशी जोडणी तुम्हीच करा, असे तो त्या शब्दांतून सभ्य भाषेत सांगत असतो. तुमच्या वडिलांचे तुकडे ज्या फॉर्मबरोबर प्रयोगशाळेत गेले, त्यावर ‘सीकमची (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची) गाठ, कॅन्सर?’ यापलीकडे काही लिहिले असेल असे मला वाटत नाही.

तेव्हा आईंचे म्हणणे आधी बाजूला ठेवावे लागेल. वय, उतरलेले वजन आणि कमी झालेले रक्त या तिन्ही गोष्टी कॅन्सरच्या बाजूनेही बोलतात. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागातला कॅन्सर अनेकदा पोटदुखीआधी नुसत्या रक्तक्षयाने उघडकीला येतो. सीईए नॉर्मल असल्याचाही आधार घेऊ नका. ही चाचणी निदानासाठी नाही. कॅन्सर असूनही ती नॉर्मल येते आणि कॅन्सर नसताना, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत, ती वाढलेली सापडते. सर्जनने शस्त्रक्रियेची तारीख दिली ती घाईने नव्हे, या हिशेबाने दिली आहे.

तरीही दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या भागात दुर्लक्ष करण्याजोगी नाही. आतड्याच्या भिंतीत जंतू, बुरशी किंवा बाहेरची एखादी वस्तू दीर्घकाळ ठाण मांडून बसली की शरीर तिच्याभोवती पेशींचा आणि तंतूंचा वेढा घालते. भिंत जाड होते, पोकळी अरुंद होते, शेजारच्या लसिकाग्रंथी फुगतात, आणि हे सगळे मिळून सिटी स्कॅनवर जे चित्र उमटते ते कॅन्सरच्या चित्रापासून भल्या-भल्यांना वेगळे ओळखता येत नाही. अशा गाठी तुलनेने विरळ असतात. पण सीकम, म्हणजे जिथे लहान आतडे मोठ्या आतड्यात उघडते ती पिशवीसारखी जागा, हे त्यांचे आवडते ठिकाण आहे.

आता ताजा कलम. रक्ती आव जिच्यामुळे पडते त्या एंटअमिबा हिस्टोलिटिका या एकपेशीय जीवामुळे काही थोड्या रुग्णांत आतड्यात अशी गाठ तयार होते, तिला अमिबोमा म्हणतात. ती सर्वाधिक सीकम आणि त्याच्या वरच्या भागात सापडते. आव थांबून आठवडे किंवा महिने लोटल्यावर, जुलाब नसतानाही, ती दुखणे, बारीक ताप आणि वजन घटणे या रूपात पुढे येते. तुमच्या वडिलांनी तीन दिवस घेतलेल्या गोळ्या बहुधा मेट्रोनिडॅझोल किंवा त्याच जातीच्या असाव्यात. जुना डबा किंवा रिकामे पाकीट घरात सापडले तर नाव पाहून ठेवा. हे औषध पोटातून जवळजवळ पूर्ण रक्तात शोषले जाते. त्यामुळे भिंतीत घुसलेल्या अमिबावर ते उत्तम काम करते, पण आतड्याच्या पोकळीत राहिलेल्या अमिबापर्यंत पुरेसे पोचत नाही. अर्धवट घेतले तर आव थांबते, माणूस कामाला लागतो आणि आत जे उरायचे ते उरते. अमिबोमाच असेल असे मी म्हणत नाही. तो शोधल्याशिवाय आतडे कापू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे मी इतक्या आग्रहाने का लिहितो ते सांगतो. सर्जन म्हणून माझी सुरुवातीची वर्षे होती. कोलोनोस्कोपी तेव्हा आमच्या आवाक्यात नव्हती, आतड्यात बेरियम हे एक्स-रेत पांढरे दिसणारे द्रव्य भरून फोटो काढायचा आणि पोट उघडायचे अशी रीत होती. चाळिशीतला एक हमाल सीकमच्या गाठीसाठी आला. फोटोत चावून उरलेल्या सफरचंदाच्या गाभ्यासारखा आकार दिसत होता, जो आम्हाला विद्यार्थिदशेपासून कॅन्सरची खूण म्हणून शिकवला गेला होता. मी आतडे काढले, दोन टोके जोडली आणि मनातून खूश होतो. पाचव्या दिवशी पोटात ठेवलेल्या नळीतून मळ येऊ लागला. अमिबाने पोखरलेल्या आतड्याला टाके धरत नाहीत. ओल्या कागदाला शिवावे तसे ते निघून येतात. दुसरी शस्त्रक्रिया झाली, पोटावर पिशवी बसवावी लागली आणि नवव्या दिवशी अहवाल आला की गाठीत कॅन्सरचा मागमूस नाही, अमिबा मात्र भरपूर आहेत. तो माणूस वाचला, पण हॉस्पिटलमधून बाहेर पडायला त्याला चाळीस दिवस लागले. आमचे ज्येष्ठ पॅथॉलॉजिस्ट एवढेच म्हणाले, “गाठ सफाईने काढलीस, पण ही गोळ्यांनी गेली असती.” त्या रुग्णाला आवेबद्दल मी विचारलेच नव्हते.

आता या आठवड्यात काय करायचे ते पाहू. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे आधी घेतलेले चार तुकडे अजून प्रयोगशाळेत आहेत. ते मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवलेले असतात, त्याला ब्लॉक म्हणतात. तो ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला, शक्य तर पोटविकारांचे नमुने रोज पाहणाऱ्याला, दाखवण्याचा तुम्हाला अधिकार आहे. (ब्लॉक गोव्याला किंवा कोल्हापूरला नेणार असाल तर उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, शेवटी ते मेण आहे.) सोबत एका कागदावर मधुमेह, आव, किती दिवस कोणत्या गोळ्या घेतल्या, ताप, वजन, असे सगळे लिहून द्या आणि पीएएस या रंगाची मागणी करायला डॉक्टरांना सांगा. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात अमिबा शरीराच्याच एखाद्या मोठ्या भक्षक पेशीसारखा दिसतो आणि मृत थराच्या कचऱ्यात सहज हरवतो. पीएएस दिल्यावर तो किरमिजी होऊन उठून दिसतो, आणि त्याच्या पोटात गिळलेल्या तांबड्या पेशी दिसल्या तर वादच मिटतो. गंमत अशी की ज्या मृत थरामुळे तुमचा अहवाल निरुपयोगी वाटतो, त्यातच अमिबा सापडण्याची शक्यता अधिक असते.

दुसरी गोष्ट, कोलोनोस्कोपी पुन्हा करावी लागेल. वडिलांना पोट साफ करण्याचे ते खारट पाणी पुन्हा प्यायला लावणे जिवावर येईल, हे मी जाणतो. पण पहिल्या वेळी जे राहिले ते या वेळी ठरवून करता येईल. तुकडे चार नव्हेत, आठ-दहा घ्यायला हवेत. ते व्रणाच्या कडेचे आणि तळाचे असावेत, आणि शक्य तिथे एकाच जागी चिमटा पुन्हा लावून खोलवरचे असावेत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात डोकावून तिथलेही एक-दोन तुकडे घ्यावेत. आणि सर्व तुकडे फॉर्मेलिनमध्ये (तुकडे टिकवण्याच्या द्रवात) टाकू नयेत, हे तपासणी सुरू होण्यापूर्वी आठवणीने बोला. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, त्यामुळे त्यातून कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, होत नाही. दोन-तीन तुकडे साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवून टीबीच्या कल्चरसाठी आणि सीबीनॅट या टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी वेगळे पाठवावे लागतात. ही इवलीशी गोष्ट चुकल्यामुळे महिनाभर वाया गेलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

त्याच्या जोडीला रक्तातील अमिबाविरोधी प्रतिपिंडे, शौचाच्या नमुन्यातील अमिबाचा अँटिजेन (त्याचे प्रथिन) किंवा पीसीआर (त्याच्या डीएनएची तपासणी), यकृताची सोनोग्राफी, एचआयव्ही, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि छातीचा एक्स-रे एवढ्या तपासण्या व्हाव्यात. प्रतिपिंडांचा अर्थ लावताना एक जपायचे: आपल्या भागात पूर्वी कधी झालेल्या संसर्गानेही ती वर्षानुवर्षे रक्तात राहतात, म्हणून ती सापडली की गाठ अमिबाचीच असे सिद्ध होत नाही, पण दोन महिन्यांच्या आजारानंतरही ती नसतील तर अमिबोमाची शक्यता बरीच मागे पडते. शौचाची नुसती सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी फसवी आहे, कारण रोग न करणारा त्याचा एक भाऊबंद तिथे हुबेहूब तसाच दिसतो, आणि अमिबोमाच्या रुग्णांत तर शौचात बऱ्याचदा काहीच सापडत नाही. यकृतात गळू निघाले तर मात्र कोड्याचा मोठा भाग सुटला म्हणून समजा.

पेट स्कॅनवर खर्च करू नका, निदान आत्ता तरी नको. त्यात किरणोत्सर्गी साखर टोचतात आणि ती कुठे जास्त ओढली जाते ते पाहतात. कॅन्सरची पेशी साखर ओढते, तशीच दाहातली पेशीही ओढते. टीबीची गाठ तर त्या चित्रात दिवाळीसारखी उजळते. तुमच्यासमोरचा प्रश्न या दोहोंत फरक करण्याचा आहे आणि नेमका तोच फरक हा स्कॅन करत नाही.

स्टेरॉइड तुम्ही सुरू केले नाही हे बरे झाले. क्रोन्स हा खरा आजार आहे, तो आता आपल्याकडेही दिसतो आणि त्याची शंका घेणारे डॉक्टर चुकले असे नाही. पण अमिबा आणि टीबी या दोन्ही शक्यता निकालात निघाल्याशिवाय स्टेरॉइडची पहिली गोळी पोटात जाता कामा नये. अमिबा आतड्यात असताना स्टेरॉइड दिले तर तो भिंतीत झपाट्याने पसरतो, आतडे जागोजागी फुटू शकते आणि त्या अवस्थेत आलेले बरेच रुग्ण आम्ही वाचवू शकत नाही. टीबीही स्टेरॉइडने मोकाट सुटतो. त्यात तुमचे वडील मधुमेही आहेत. (दुसऱ्या कोणा वाचकाचे स्टेरॉइड आधीच चालू असेल तर हे वाचून त्याने ते परस्पर बंद करू नये, तेही धोक्याचे आहे.)

मामांचे म्हणणे अर्धे खरे आहे. सीकम आणि त्याला लागून असलेले लहान आतडे ही पोटातल्या टीबीची हक्काची जागा आहे, आणि त्याचा एक प्रकार व्रणापेक्षा गाठच जास्त करतो. शिवाय टीबीचे जंतू आतड्याच्या तुकड्यात इतके थोडे असतात की सीबीनॅट निगेटिव्ह आले तरी टीबी नाही असे म्हणता येत नाही, आणि कल्चरला सहा आठवडे लागू शकतात. तेव्हा इतर काही सापडले नाही आणि तुकड्यांत टीबीला साजेसे ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहातल्या पेशींचे गोल पुंजके, दिसले तर डॉक्टर जंतू सापडले नसतानाही टीबीचे औषध सुरू करतील, आणि ते योग्यच ठरेल. माझा आक्षेप ‘देऊन पाहू’ या वृत्तीला आहे. रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे दोन महिने आणि त्यांतली पायराझिनामाइड वगळून तीन पुढचे चार महिने, असा हा कोर्स असतो. त्यांतल्या तिघांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो. आणि खरा आजार कॅन्सर किंवा लिम्फोमा (लसिकापेशींचा कॅन्सर) असेल तर तो या काळात स्वस्थ बसत नाही. म्हणून अशी औषधे सुरू झालीच तर त्याच दिवशी दोन महिन्यांनंतरच्या कोलोनोस्कोपीची तारीख ठरवून घ्या. टीबीचे व्रण एवढ्या अवधीत भरलेले दिसायला हवेत. नुसते ‘बरे वाटते’ यावर विसंबता येत नाही, कारण आजारी माणसाला नवे औषध सुरू झाले की पहिले काही दिवस बरे वाटतेच. टीबीच ठरला तर सरकारी कार्यक्रमात नोंद करून घ्या. औषधे मोफत मिळतात आणि पोषणासाठी रक्कमही खात्यात जमा होते.

अमिबोमा ठरला तर उपचार त्या मानाने सोपा आहे. मेट्रोनिडॅझोल सात ते दहा दिवस, किंवा टिनिडॅझोल त्याहून कमी दिवस, आणि ते संपले की पोकळीतल्या अमिबासाठी डायलोक्सानाइड फ्युरोएट ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दहा दिवस. हे दुसरे औषध लिहायला विसरणारे डॉक्टर आणि ‘आता बरे आहे’ म्हणून ते न घेणारे रुग्ण, दोन्ही मुबलक आहेत. पहिल्या औषधाने तोंडाला नाण्यासारखी चव येते, मळमळते, लघवी गडद होते. त्याला घाबरू नका, पण त्या दिवसांत आणि नंतरचे तीन दिवस दारूचा थेंबही नको. १९१२ साली लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात एमेटिनच्या इंजेक्शनांनी अमिबाचा उपचार सुरू केला, तेव्हा ते औषध हृदयाला त्रास देई आणि रुग्णाला अंथरुणावर निजवून ठेवावे लागे. त्यापुढे धातूची चव ही तक्रार फार मोठी नव्हे. ताप आणि दुखणे काही दिवसांतच उतरू लागते, गाठ विरायला मात्र काही आठवडे लागतात. चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा आत पाहून ती गेल्याची खात्री करून घ्यायची. गाठ तशीच असेल तर अमिबा सापडलेला असूनही पुढचा विचार करावा लागतो, कारण क्वचित अमिबा आणि कॅन्सर एकाच जागी नांदतात. घरच्या सर्वांची शौचतपासणी करून घ्या आणि विहिरीचे पाणी उकळून प्या. नेहमीच्या मात्रेतल्या क्लोरिनला अमिबाची पुटी, म्हणजे त्याचे कवचबंद रूप, दाद देत नाही, उकळण्याला देते.

या दोहोंपलीकडच्या शक्यता मी थोडक्यात सांगतो, कारण दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या अहवालात त्यांची नावे येऊ शकतात आणि ऐनवेळी घाबरायला नको. अ‍ॅक्टिनोमायकोसिस हा तोंडात आणि आतड्यात एरवी निरुपद्रवी राहणाऱ्या जिवाणूंचा आजार आहे. अपेंडिक्स फुटल्यानंतर किंवा स्त्रियांत बरीच वर्षे राहिलेल्या तांबीमुळे तो मूळ धरतो. त्याची गाठ लाकडासारखी घट्ट असते आणि शेजारच्या अवयवांत घुसते, पण आतले अस्तर शाबूत राहत असल्याने कोलोनोस्कोपीचे तुकडे कोरेच येतात. ओळखला तर तो पेनिसिलिनने बरा होतो, मात्र कोर्स सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत चालतो. मॅलाकोप्लाकियामध्ये भक्षक पेशी जिवाणू गिळतात पण त्यांना पचवू शकत नाहीत. न पचलेल्या अवशेषांवर चुना आणि लोह साचून जे गोल ठिपके बनतात ते १९०२ साली मायकेलिस आणि गुटमन यांनी वर्णिले आणि आजही निदान त्यांच्यावरूनच होते. तो प्रतिकारशक्ती घटलेल्यांत दिसतो आणि पेशीच्या आत शिरणाऱ्या प्रतिजैविकांना बऱ्याचदा प्रतिसाद देतो. झँथोग्रॅन्युलोमाचा, म्हणजे चरबी भरलेल्या भक्षक पेशींचा, दाह मूत्रपिंडात आणि पित्ताशयात आम्हाला ओळखीचा आहे, आतड्यात तो विरळा. तिथे त्याचे नाव बहुधा शस्त्रक्रियेनंतरच कळते. बॅसिडिओबोलस या बुरशीच्या गाठीही आतड्यात होतात. सौदी अरेबिया आणि इराणमधून असे रुग्ण वरचेवर नोंदले गेले आहेत, आणि कोकणातली बरीच माणसे आखातात नोकरीला असतात म्हणून तिचा उल्लेख करतो. तिचा सुगावा साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, असतो: इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतात. वडिलांच्या सीबीसीत तो आकडा पाहा. इन्फ्लमेटरी मायोफायब्रोब्लास्टिक ट्यूमर हे नाव आले तर मात्र तो निव्वळ दाह नव्हे हे लक्षात असू द्या. पूर्वी ही सगळी प्रकरणे ‘खोटी गाठ’ या एकाच टोपलीत टाकत. आता कळले आहे की ती खरी गाठ आहे, साधारण निम्म्या रुग्णांत एएलके नावाच्या जनुकात बदल असतो आणि ती पूर्ण काढून टाकणे हाच मुख्य उपचार आहे.

आणि एक अगदी घरगुती शक्यता. तुमच्याकडे मासे रोजचे असतील. गिळलेला काटा आतड्याच्या भिंतीत रुतून त्याभोवती गाठ झाल्याची उदाहरणे आमच्या शाखेत सर्वांना ठाऊक आहेत, आणि काटा गिळल्याचे त्यांतल्या बहुतेकांना आठवत नसते. सिटी स्कॅनवर तो बारीक पांढऱ्या रेघेसारखा दिसतो, पण शोधणारा शोधत असेल तरच. सिटीची सीडी दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला दाखवताना एवढा एक प्रश्न विचारून पाहायला काही पडत नाही.

इतके करूनही उत्तर मिळाले नाही तर? तर शस्त्रक्रिया करावी, आणि तिला पराभव समजू नये. दोनदा तुकडे काढून, रंग देऊन, कल्चर लावूनही गाठीचे नाव कळत नसेल आणि ती औषधांनी कमी होत नसेल, तर ती काढून अख्खी तपासणे हेच निदान आणि तोच उपचार ठरतो. अशा वेळी सर्जन कॅन्सर गृहीत धरूनच, म्हणजे लसिकाग्रंथींसकट आतडे काढेल, आणि तेच बरोबर आहे, कारण अर्धवट काढून पुढे कॅन्सर निघाला तर पुन्हा तीच वाट चालावी लागते. काढलेल्या भागातला एक तुकडा सलाइनमध्ये कल्चरला जाईल ना, हे तेव्हाही आधीच विचारून ठेवा. उजव्या बाजूचे आतडे काढल्यावर लहान आतडे उरलेल्या मोठ्या आतड्याला जोडतात. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत बहुधा पिशवी लावावी लागत नाही, काही आठवडे शौचाला पातळ होते आणि मग घडी बसते. तातडीने, फुगलेल्या पोटावर आणि उपाशी शरीरावर केलेल्या शस्त्रक्रियेत हे आश्वासन देता येत नाही. म्हणून मधल्या दिवसांत वडिलांचे खाणे, साखर आणि हिमोग्लोबिन यांच्याकडे लक्ष द्या. जेवण थोडे-थोडे पण वारंवार, मऊ भात, अंडे, वरण, दही असे असू द्या. लोहाच्या गोळ्या की इंजेक्शन हे डॉक्टर ठरवतील. तपासणीच्या आधी काही दिवस लोहाच्या गोळ्या थांबवाव्या लागतात, नाहीतर आत सगळे काळे दिसते, हेही त्यांना विचारून घ्या.

कल्चरचा निकाल सोडून हा सगळा शोध दोन ते तीन आठवड्यांत उरकायला हवा. एवढ्या अवधीने, समजा कॅन्सरच असला तरी, उपचाराचा निर्णय सहसा बदलत नाही. तीन-चार महिन्यांनी तो बदलू शकतो. ही सवलत मात्र वडिलांचे पोट मोकळे होत आहे तोवरच आहे. उलट्या सुरू होऊन वारा आणि शौच दोन्ही बंद झाले, पोट फुगून ताठ झाले, थंडी वाजून मोठा ताप आला किंवा शौचातून भरपूर रक्त गेले, तर दुसऱ्या अहवालाची वाट पाहू नका. त्याच रात्री, जिथे सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर हजर असतील अशा हॉस्पिटलमध्ये न्या आणि सर्व कागद सोबत ठेवा.

सर्जनने दिलेली तारीख परस्पर रद्द करू नका. त्यांना भेटा, आवेची हकीकत सांगा, ब्लॉक दुसरीकडे दाखवायचा आहे आणि कोलोनोस्कोपी पुन्हा करायची आहे असे मोकळेपणाने सांगून तीन आठवड्यांनंतरची तारीख मागून घ्या. चांगला सर्जन याचा राग मानत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर, त्या हमालाची आठवण होऊन, तुमच्या हातात पीएएसची चिठ्ठी मीच दिली असती.